सबंध धान्य आणि सबंध आरोग्य : कुवेतच्या अन्नाचा इतिहास
(शब्बाथ सुटल्यानंतर सिनेगॉगच्या सभागृहात दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून उतरविलेली प्रत)



आजच्या व्याख्यानाचा विषय अन्न हा आहे. प्रवचनात अन्नाचा विषय निघाला म्हणजे आपणांस प्रथम आठवतो तो कश्रूत, म्हणजे काय खावे व काय वर्ज्य करावे याविषयीचे आपले धर्मनियम. आज मी त्याच्या शेजारचा एक प्रश्न घेणार आहे. जे खाण्यास मोकळीक आहे, ते कोणत्या रूपात खावे? धान्य जसे शेतातून आले तसे, कोंड्यासकट. की सडून, पॉलिश करून, बारीक चाळून, साखर व तेल घालून पाकिटात बंद केलेले? हा प्रश्न स्वयंपाकघरातील दिसतो खरा, परंतु एका संपूर्ण देशाच्या आरोग्याचा इतिहास त्यात सामावला आहे. तो देश म्हणजे कुवेत.

कुवेतच का, असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. एक असे की, इतर देशांत जो बदल दीडशे-दोनशे वर्षांत हळूहळू झाला, तो कुवेतमध्ये एका माणसाच्या आयुष्यात घडला. आजोबांनी खजूर व मासळी खाऊन दर्यावर दिवस काढले, आणि नातू मधुमेहाच्या गोळ्या घेतो. दुसरे कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यातले. सत्तरच्या दशकात नोकरीनिमित्त मी काही वर्षे तेथे होतो. शोहेत नव्हता, म्हणून मांस बंद. त्यामुळे मासळी, डाळ, अंडी, भाजी व खजूर यांवरच माझा निर्वाह होता. त्या निमित्ताने जुन्या कुवेती माणसांच्या ताटात डोकावण्याची सवय लागली आणि पुढे त्या विषयाचे वाचनही घडले.

प्रथम जुने कुवेत पाहू. अठराव्या शतकात आखाताच्या टोकाशी वसलेले हे बंदर. जमीन वाळूची, पाऊस अत्यल्प, नदी नाही, शेती जवळजवळ नाही. पिण्याचे गोडे पाणीसुद्धा पुढे शत्त-अल-अरब नदीतून नौकांनी भरून आणावे लागे. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा कारखाना उभा राहिला तो १९५३ साली. अशा ठिकाणी माणसे जगली ती तीन गोष्टींवर : मोती, नौकानयन व व्यापार. त्यांचे अन्नही तीनच आधारांवर उभे होते : बसऱ्याचा खजूर, समुद्रातील मासळी, आणि बाहेरून आलेले धान्य, त्यात मुख्यतः हिंदुस्थानचा तांदूळ. त्यांच्या जोडीला वाळवंटातील बदाऊनी लोकांचे दूध व तूप असे. हिवाळ्यात पाऊस बरा झाला तर वाळूखाली उगवणारी ‘फगा’ नावाची भूछत्रासारखी कंदवजा वस्तूही मिळे. आजही तिचा हंगाम आला म्हणजे बाजारात गर्दी होते.

मोत्यांचा हंगाम उन्हाळ्याचे सुमारे चार महिने चाले. बुडी मारणारा माणूस दिवसभर जवळजवळ उपाशीच असे, कारण भरल्या पोटी खोल पाण्यात उतरता येत नाही. सकाळी थोडा खजूर व कॉफी, आणि सूर्यास्तानंतर भात व मासा, एवढाच त्याचा आहार. ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी लेखक ॲलन व्हिलियर्स याने १९३८-३९ मध्ये ‘बयान’ नावाच्या कुवेती गलबतावरून प्रवास केला व पुढे त्यावर ग्रंथ लिहिला. त्या खलाशांचे साधे अन्न व त्यांचे अपार कष्ट या दोहोंचे वर्णन त्यात आढळते.

मात्र येथे थोडे सावध असले पाहिजे. जुने ते सर्व सोने, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. ताजी फळे व भाज्या मिळत नसल्यामुळे बुडी मारणाऱ्या लोकांत स्कर्वी हा रोग आढळत असे. हिरड्यांतून रक्त येई, अंगावर डाग पडत. क्षय होता, देवी होती, डोळ्यांचे विकार होते. अमेरिकन मिशनचे डॉक्टर १९१० नंतर कुवेतमध्ये आले. डॉ. एलेनॉर कॅल्व्हर्ली या बाईंनी १९१२ पासून तेथील स्त्रियांवर उपचार केले. त्या काळच्या बायका बाळंतपणात कशा दगावत, हे अशा डॉक्टरांनी जवळून पाहिले. म्हणून जुन्या अन्नाचा गौरव करताना जुन्या दारिद्र्याचा गौरव होऊ नये. मुद्दा एवढाच की, त्या लोकांच्या दुखण्यांच्या यादीत आज कुवेतला ग्रासणारे दोन रोग, म्हणजे अतिस्थूलता व मधुमेह, सामान्य माणसाच्या वाट्याला फारसे येत नसत.

आता हे अन्न आपल्या किती जवळचे होते ते पाहू. कुवेतची ‘बूम’ जातीची गलबते पावसाळा ओसरल्यावर बसऱ्याचा खजूर भरून कराची, मुंबई व मलबारच्या किनाऱ्यास येत आणि परतताना सागवान, तांदूळ, मसाले घेऊन जात. कुवेती मोत्यांची बाजारपेठ मुंबई होती. तेथील व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. कुवेतचे चलन हिंदुस्थानी रुपया होते. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६१ साली कुवेती दिनार आला. इतक्या घनिष्ठ संबंधातून शब्दही गेले. पंख्याला व बिजलीला जुने कुवेती लोक आपलेच शब्द अरबी वळणाने वापरीत. कच्च्या आंब्याचे मेथी-हळद घातलेले जे लोणचे बगदाद, बसरा व कुवेत येथे खातात आणि आज इस्रायलमध्ये सबीखबरोबर घराघरांत मिळते, त्याचे नाव ‘अंबा’. हा आपला मराठी आंबाच होय. मुंबईशी व्यापार करणाऱ्या बगदादी ज्यूंच्या हातून तो तिकडे रुजला असे मानतात. आपल्या खिचडीचीही तीच गोष्ट. बगदादी ज्यू घरांत मसूर व तांदळाची ‘किचरी’ गुरुवारी रात्री करण्याची रीत होती. कुवेतमध्ये मूग घालून शिजविलेल्या भाताला ‘मुमव्वश’ म्हणतात. त्यावर ते सुकी कोळंबी घालतात, ती आपणांस चालत नाही. ती वगळली की उरते ती आपली मुगाची खिचडीच.

कुवेतमध्ये स्वतःचा एक लहानसा ज्यू समाजही होता, हे आपल्यापैकी तरुणांस ठाऊक नसेल. ही कुटुंबे बहुतांशी बसरा व बगदादकडून व्यापारासाठी आली होती. त्यांचे सिनेगॉग होते. आखातातील व इराकमधील संगीतात ज्यांचे नाव आजही आदराने घेतात ते सालेह व दाऊद अल-कुवेती हे बंधू याच समाजात, अनुक्रमे १९०८ व १९१० साली, कुवेतमध्ये जन्मले. पुढे हे कुटुंब इराकला गेले आणि १९५१ च्या सुमारास दोघे बंधू इस्रायलमध्ये स्थायिक झाले. समाज गेला, पण त्याच्या ताटातले पदार्थ शेजाऱ्यांच्या ताटात राहिले.

अशांपैकी एक पदार्थ म्हणजे ‘हरीस’. अख्खा गहू रात्रभर भिजवायचा, मांसाबरोबर मंद आचेवर तासन् तास शिजवायचा आणि घोटून एकजीव करायचा. मध्ययुगात अरब देशांपासून स्पेनपर्यंतच्या ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी चुलीवर चढवून शब्बाथला खाण्याचा जो पदार्थ होता, तो हाच. हैदराबादचा हलीम त्याचाच भाऊबंद. कुवेतमध्ये रमजानात आजही हरीस होतो. दुसरा ‘जरीश’, म्हणजे भरडलेल्या गव्हाचा. आपल्याकडची लापशी आठवा. आणि मासळीत ‘झुबैदी’. मासळीबाजारात पहिल्याच दिवशी तिला पाहून मला हसू आले, कारण ते आपले पापलेट होते! कुवेती लोक तिला जीव लावतात आणि आपणही. हिल्सा, म्हणजे आपला पाला, तेथे ‘सुबूर’ या नावाने विकला जाई.

आता शास्त्राकडे वळू. अख्ख्या दाण्यात असे काय असते की जे पांढऱ्या पिठात राहत नाही? गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचा कोंडा, आतला अंकुर, आणि मधला पांढरा पिठूळ गर. कोंड्यात तंतू, लोह व इतर क्षार असतात. अंकुरात जीवनसत्त्वे व स्निग्धांश असतो. गर हा मुख्यतः पिष्ट. गिरणीत मैदा काढताना कोंडा व अंकुर बाजूला होतात, कारण अंकुरातील तेलामुळे पीठ लवकर खवट होते आणि व्यापाऱ्याला टिकाऊ माल हवा असतो. खाणाऱ्याच्या वाट्याला उरते ते पिष्ट. ते आतड्यात झपाट्याने विरघळते, रक्तातील साखर चटकन चढते व उतरते, आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. तंतू शाबूत असतील तर हीच क्रिया सावकाश होते आणि पोट भरल्याची जाणीव टिकते.

हे ज्ञान माणसाला फार मोठी किंमत देऊन मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या गिरण्या आल्या, पांढरा तांदूळ स्वस्त झाला, आणि आशियाभर बेरीबेरीचा उपद्रव वाढला. जावा बेटात डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमान यांना १८९० च्या दशकात दिसून आले की, पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. १९१२ साली वॉर्सातील ज्यू कुटुंबात जन्मलेल्या कॅसिमिर फुंक या शास्त्रज्ञाने अशा अदृश्य पोषकद्रव्यांना ‘व्हिटामिन’ हे नाव सुचविले. आपल्या देशात सर रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेत १९२० च्या दशकात उंदरांना हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार देऊन पाहिले. कणकेची रोटी, डाळ, दूध व भाज्या असा शिखांचा आहार ज्यांना मिळाला ते उंदीर सर्वांत सुदृढ निघाले, आणि पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेले सर्वांत दुबळे. १९३४ च्या अखेरीस वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. तेव्हा हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल व गूळ यांचा गांधीजींनी एवढा आग्रह धरला, त्यामागे खेड्यातील रोजगाराबरोबर हे आरोग्यशास्त्रही होते.

आता पुन्हा कुवेतकडे. १९३० च्या सुमारास जागतिक मंदी आणि जपानच्या कृत्रिम रीतीने वाढविलेल्या मोत्यांनी येथील मोत्यांचा धंदा बसविला. लोक अन्नास मोताद झाले. १९३८ च्या फेब्रुवारीत बुर्गान येथे तेल लागले. महायुद्धामुळे काम थांबले आणि ३० जून १९४६ रोजी तेलाचे पहिले जहाज निघाले. पुढच्या पंधरा वर्षांत मातीची घरे गेली, रस्ते आले, शाळा व दवाखाने मोफत झाले. १९६१ च्या जूनमध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी सरकारच्या पुढाकाराने कुवेत पिठाच्या गिरण्यांची कंपनी स्थापन झाली. १९६२ पासून वस्तीवस्तीत सहकारी भांडारे सुरू झाली, त्यांना तेथे ‘जमइय्या’ म्हणतात. नागरिकांना तांदूळ, साखर, तेल इत्यादी वस्तू सवलतीच्या दरात देणारी ‘तमवीन’ची पद्धत रुजली. उपाशी राहिलेल्या पिढीने आपल्या मुलांना पोटभर द्यावे, यात चूक कोणती? राज्यकर्त्यांचा हेतू उत्तमच होता. पण पांढरा तांदूळ, पांढरे पीठ, पांढरी साखर आणि शुद्ध केलेले तेल या चारही वस्तू ज्या घरात स्वस्त व अमर्याद झाल्या, त्या घराचा आहार हळूहळू त्यांच्याभोवतीच फिरू लागला.

मी तेथे असताना हा बदल डोळ्यांसमोर चालला होता. मुबारकिया बाजारात म्हातारे लोक खजुराच्या राशीपुढे बसून कोणता खजूर कोणत्या गावचा यावर तासभर वाद घालीत. त्यांची नातवंडे शेजारच्या दुकानातून रंगीत सरबताच्या बाटल्या व बिस्किटे घेत. घरात मोटार आली, चालणे संपले. उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांजवळ जातो, तेव्हा बाहेर पडणार कोण? घरकामाला परदेशी नोकर आले, हातपाय हलविण्याचे कारण उरले नाही. पुढे परदेशी उपाहारगृहांच्या साखळ्या आल्या. मॅकडोनाल्डचे पहिले दुकान १९९४ साली उघडले. म्हणून दोष एकट्या मैद्याचा नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. अन्न, उष्मा, बैठे जीवन व संपत्ती ही चारही कारणे एकत्र आली.

परिणाम आकड्यांत सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अंदाजानुसार कुवेतमधील सुमारे ३८ टक्के प्रौढ अतिस्थूल होते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार तेथील २० ते ७९ वयाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण सुमारे २५ टक्के आहे. म्हणजे चारांत एक. त्याच अहवालात भारताचा आकडा दहाच्या जवळ आहे. या संकटाशी झुंजण्यासाठी कुवेतने २००६ साली दसमान मधुमेह संस्था स्थापन केली आणि तेथे मोठे संशोधन चालते. ज्या देशाचे आजोबा एक ओंजळ खजुरावर दिवस काढीत, त्या देशाला मधुमेहासाठी स्वतंत्र संस्था उभारावी लागली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

कोणी म्हणेल, ही कुवेती लोकांची प्रकृतीच तशी असेल. या शंकेचे उत्तर आपल्याच लोकांच्या इतिहासात आहे. १९४९-५० मध्ये येमेनचे ज्यू विमानांनी इस्रायलला आणले गेले. जेरुसलेमच्या डॉ. ए. एम. कोहेन यांनी त्यांची तपासणी करून १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुकत्याच आलेल्या येमेनी ज्यूंत मधुमेह जवळजवळ आढळलाच नाही. पण त्याच येमेनी समाजातील जे लोक पंचवीस व अधिक वर्षांपूर्वीच इस्रायलला येऊन स्थायिक झाले होते, त्यांच्यात तो इतर समाजांसारखाच दिसला. रक्त तेच, तोरा तीच, पूर्वज तेच. बदलले होते ते अन्न व राहणी. येमेनमध्ये साखर जवळजवळ खात नसत, येथे ती रोजची झाली. आपल्यापैकी प्रत्येकाने हा दाखला मनाशी जपून ठेवावा, कारण कोकणातून मुंबईस, मुंबईहून आखातात किंवा लोद, अश्दोद, बीरशेबाला गेलेले आपण बेने इस्राएल त्याच वाटेवरचे प्रवासी आहोत.

शरीराचे झाले, आता मनाचे. २०१९ साली अमेरिकेत केविन हॉल यांनी २० माणसांना रुग्णालयात ठेवून दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले अतिप्रक्रिया केलेले अन्न व दोन आठवडे साधे, ताजे अन्न दिले. दोन्ही आहारांत साखर, स्निग्धांश व तंतू यांचे प्रमाण सारखे ठेवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलोने वाढले. याचा अर्थ, भूक कोठे थांबवावी हे मनाला कळण्याची जी नैसर्गिक सोय आहे, ती अशा अन्नापुढे चालत नाही. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली औदासीन्याने आजारी असलेल्या ६७ जणांवर प्रयोग केला. निम्म्यांना बारा आठवडे भाज्या, फळे, अख्खी धान्ये, कडधान्ये, मासळी व ऑलिव्ह तेल यांचा आहार समजावून दिला, निम्म्यांना केवळ गप्पागोष्टींची सोबत दिली. पहिल्या गटातील सुमारे एकतृतीयांश लोक आजारातून बाहेर आले, दुसऱ्यात आठ टक्के. प्रयोग लहान आहे आणि त्यावरून औषध बंद करावे असे कोणी समजू नये. ज्याला डॉक्टरांनी गोळी दिली आहे त्याने ती घ्यावीच. परंतु ताटाचा मनाशी संबंध आहे, हे आता विज्ञानही बोलू लागले आहे.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. रांबाम, म्हणजे रब्बी मोशे बेन मैमोन, यांनी ११९८ च्या सुमारास सुलतान सलाउद्दीनच्या अल-अफदल या ज्येष्ठ पुत्रासाठी आरोग्यावर एक अरबी ग्रंथ लिहिला. त्या राजपुत्राला अपचन होते आणि मनाची उदासी होती. रांबाम यांनी एकाच ग्रंथात दोहोंवर उपाय सांगितले : भाकर कोंडा न काढलेल्या भरड पिठाची, नीट आंबवलेली व भाजलेली असावी; पोट गच्च भरण्याआधी हात आवरावा; आणि मनाच्या विकारांकडे तितकेच लक्ष द्यावे. आपल्या ‘मिश्ने तोरा’तील ‘हिल्खोत देओत’मध्ये तर त्यांनी आहाराला धर्माचरणात स्थान दिले, कारण आजारी शरीराने देवाला ओळखण्याचे काम नीट होत नाही. त्याहूनही जुना दाखला दानिएल नबीच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात आहे. बाबेलच्या दरबारात दानिएल व त्याच्या तीन सोबत्यांनी राजाचे पक्वान्न नाकारले आणि दहा दिवस कडधान्य-भाजी व पाणी यांवर राहून दाखविले. दहाव्या दिवशी ते इतरांहून सतेज दिसले. त्यांचा हेतू कश्रूतचा होता, पण आरोग्यही त्यांच्या पदरात पडले. हे बाबेल कुवेतपासून फार लांब नाही.

शेवटी आपल्या घराकडे येतो. कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत आपल्याला ‘शनिवार तेली’ म्हणत. सहा दिवस घाणा चाले, सातव्या दिवशी बैल व माणूस दोघेही विसावत. लाकडी घाण्यातून निघालेले तिळाचे व खोबऱ्याचे तेल आपल्या हातचे होते. आपल्या सणांची मराठी नावे पाहा. हाइम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात ती नोंदविली आहेत. खिरीचा सण, म्हणजे नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर. बिरड्याचा सण, म्हणजे तिशा बेआवला भिजवून मोड आणून सोललेले वाल. मोड आल्याने कडधान्यातील लोह शरीराला अधिक सहज मिळते, हे आज आहारशास्त्र सांगते. आपल्या आज्या शास्त्र न शिकता तेच करीत होत्या. एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, खजूर व फळे असतात. किद्दुशला आपण काळ्या मनुका भिजवून त्यांचा रस काढतो. या साऱ्या ताटात कारखान्याची वस्तू शोधूनही सापडत नव्हती.

आता मात्र काही घरांतील मलिद्यात गुळाच्या जागी साखर आलेली दिसते. मनुकांच्या सरबताऐवजी बाटलीतील रंगीत पेय ओतले जाते. बिरडे सोलायला वेळ नाही म्हणून वाल टाळले जातात. सिनेगॉगच्या सभागृहात बेराखा म्हणून जे वाटले जाते त्यात पाकिटे किती व फळे किती, हे आपणच मोजावे. आपल्या समाजात मधुमेह नसलेले घर शोधावे लागेल, हे मी आपणांस सांगायला नको.

म्हणून काही साध्या सूचना करतो. तांदूळ आपला आहे, तो सोडू नये. पण आठवड्यातून काही दिवस तो हातसडीचा असावा आणि त्याच्या जोडीला डाळ, वाल, मूग यांचा वाटा वाढवावा. मासळी तळण्याऐवजी नारळाच्या रसात किंवा हिरव्या वाटणात शिजवावी. भाकरी ज्वारीची किंवा नाचणीची करावी आणि पीठ चाळताना कोंडा टाकू नये. खजूर कितीही सकस असला तरी त्यात साखर आहेच. मधुमेही माणसाने तो वैद्याच्या सल्ल्याने मोजूनच खावा. ज्यांची मुले आखातात किंवा इस्रायलमध्ये एकटी राहतात, त्यांनी फोनवर ‘जेवलास का’ एवढेच न विचारता ‘काय शिजवलेस’ हेही विचारावे. आणि सिनेगॉगच्या समितीस माझी विनंती आहे की, येत्या मलिद्याला गूळ, खोबरे, पोहे व ताजी फळे एवढेच असावे, आणि ते निवडण्या-सोलण्याचे काम आपल्या मुलामुलींना सोबत घेऊन करावे. रीत टिकते ती हातांनी.

कुवेतने आपल्या अनुभवातून जगाला एक गोष्ट शिकविली. समृद्धी अन्न देते, परंतु कोणते अन्न घ्यावे हे ती सांगत नाही. तो विवेक प्रत्येक घराला स्वतःच करावा लागतो. तोराच्या पाचव्या पुस्तकात ज्या सात पिकांनी वचनदत्त भूमीची स्तुती केली आहे, त्यांत गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह आणि मध यांचा उल्लेख येतो, आणि तो मध म्हणजे खजुराचा मध, असे आपले हाखामीम सांगतात. त्या यादीनंतर लगेचच आज्ञा येते ती जेवून तृप्त झाल्यावर देवाचे आभार मानण्याची. आपण बिर्कत हामाझोन म्हणतो ते त्या आज्ञेनेच. आभार मानावेत असे अन्न ताटात वाढणे, हा त्या प्रार्थनेचा पहिला भाग आहे असे मला वाटते.